मागच्या सीटवरची वर्षाराणी

मी संयोगिताची गाडी बोलतेय. गाडी म्हणजे चारचाकी नव्हे. कसबा बावड्यातल्या बायका भाजीला, शाळेला, नोकरीला जिच्यावरून जातात ती साधी दुचाकी. रंग मोतिया, आवाज बेताचा.

मला शोरूममधून घरी आणलं त्या दिवशी संयोगिताच्या सासूबाईंनी, तानाबाईंनी, चाकाखाली लिंबू ठेवलं, हँडलला झेंडूची माळ बांधली आणि दिव्यावर मूठभर कुंकू सांडलं. ते काचेच्या खाचेत कितीतरी दिवस राहिलं. संध्याकाळी मला मोकळ्या रानाकडं नेलं. विजयसिंह, संयोगिताचा नवरा, पाठीमागून धरून पळत होता आणि ओरडत होता, "ब्रेक दाब, ब्रेक! ते न्हवं, दुसरं!" संयोगिता एका गोठ्याच्या भिंतीपाशी जाऊन थांबली आणि आम्ही तिघंही धापा टाकत होतो.

संयोगिता शाहूपुरीच्या अंगाला एका मोठ्या दवाखान्यात नर्स होती. नाव सांगत नाही. सांगून काय होणार? रोज सकाळी ती पांढऱ्या युनिफॉर्मवर जुना स्वेटर चढवायची, तोंडाला स्कार्फ गुंडाळायची आणि आम्ही निघायचो. लाइन बाजार, धैर्यप्रसाद चौक, दाभोळकर कॉर्नर. माझ्या डिकीत तिचा डबा, रेनकोट आणि वॉर्डात घालायच्या चपला.

माणसं दुचाकीवर बसली की मोकळी बोलतात, हे मला लवकर कळलं. तोंड झाकलेलं, समोर रस्ता, एकमेकांचा चेहरा दिसत नाही. घरात जे बोलायचं नाही आणि कामावर जे बोलायचं नाही, ते सगळं माझ्या सीटवर बोललं जायचं.

वर्षाराणी मला पहिल्यांदा भेटली ती बावड्याच्या बसथांब्यावर. संयोगितासारखाच पांढरा युनिफॉर्म बघून तिनं हात केला.

"ताई, तुम्ही आमच्याच दवाखान्यात हाय न्हव? मी नवीन लागलोय. पुरुष वॉर्डला."

"मग बस की. मीपण तिथंच आहे," संयोगिता म्हणाली.

वर्षाराणी बिद्रीच्या पलीकडच्या एका गावची. नर्सिंग पुरं करून बावड्यात दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहिली होती. अंगानं बारीक, पण आवाज असा की सिग्नलला शेजारचे रिक्षावाले वळून बघायचे. ती रोज बसू लागली. परतताना कधी तानाबाईंच्या हातचा चहा घ्यायला घरी यायची. घरच्या म्हशीचं, भावाच्या तालमीचं, वॉर्डातल्या म्हाताऱ्यांचं, सगळं सांगायची. "त्या चार नंबरच्या आजोबास्नी मी रोज गुळाचा खडा देतो म्हणून सांगतो आणि औषधाची गोळी देतो. खात्यात की गप!" संयोगिता हसून हसून माझं हँडल हलवायची. एकदा वर्षाराणीनं गावाहून काकवीची बाटली आणली आणि ती माझ्या डिकीत सांडली. मुंग्यांनी मला महिनाभर सोडलं नाही. संयोगिता एका शब्दानं रागावली नाही.

तुमच्या लक्षात आलं असेल, वर्षाराणी 'मी येतो, मी जातो' असं बोलायची. आमच्याकडच्या खेड्यातल्या बायका तशाच बोलतात. संयोगितासुद्धा घरी सासूशी तसंच बोलायची. "आत्या, मी जाऊन येतो," असं म्हणूनच ती रोज माझी चावी फिरवायची. दवाखान्याच्या फाटकातून आत शिरलो की मात्र तिचं 'येतो'चं 'येते' व्हायचं.

तिथूनच सगळं सुरू झालं.

पुरुष वॉर्डची इनचार्ज विजयमाला सिस्टर. पार्किंगच्या छपराखाली पहिली जागा तिच्या गाडीची. तिथं दुसरं कुणी गाडी लावत नसे. कामाला ती वाघीण होती, हे खोटं कशाला सांगू? लहान पोराच्या हाताला सुई लावायची झाली तर डॉक्टरसुद्धा तिलाच बोलवायचे. पण तिला दर काही महिन्यांनी कुणीतरी लागायचं. वॉर्डातलं एक माणूस, ज्याला सगळ्यांनी मिळून हसायचं.

एका दुपारी ड्युटी सुटल्यावर सगळ्या जणी पार्किंगमध्ये गोळा झाल्या. वर्षाराणी जिन्यावरून उतरत होती. विजयमाला मोठ्यानं म्हणाली, "आले का आमचे वर्षाराव? काय राव, जाता का येता?"

सगळ्या हसल्या. संयोगिताची मैत्रीण पद्मजा तर माझ्याच सीटवर हात आपटून हसली. आणि संयोगिताही हसली. तिचा हात माझ्या हँडलवर होता, मला तो हादरा कळला.

आम्ही लाइन बाजारात आलो. मग वर्षाराणी म्हणाली, "ताई, तुम्हीबी हसलासा."

"अगं, मस्करी असते ती. मनाला लावून घेऊ नको. त्या सगळ्यांनाच बोलतात."

"तुमास्नी कवा बोलल्या?"

संयोगितानं हॉर्न वाजवला. समोर कुणीच नव्हतं.

मग ते 'वर्षाराव' दवाखानाभर झालं. वॉर्डबॉय म्हणू लागले, कँटीनवाला म्हणू लागला. सणासुदीच्या आणि रविवारच्या ड्युट्या तिलाच लागू लागल्या. चहा आला की सगळ्यांना हाक, तिला नाही. ती डबा उघडायला बसली की नेमका तिलाच फोनवर बसायचा हुकूम. पेशंटच्या नातेवाइकांसमोर, "डिग्री कुठल्या बाजारातनं आणलीस?" हे सगळं मी मागच्या सीटवरून ऐकलं. पण वर्षाराणीला सगळ्यांत लागायचं ते वेगळंच.

"ओरडलेलं मी सोसतो ओ ताई. पण पाळी बदलताना पेशंटचं काय द्यायचं, काय न्हाय, ते मला निम्मंच सांगत्यात. विचारलं तर कोण बोलतच न्हाय. भिताडाला विचारल्यागत होतंय. उद्या कुणाला काय झालं म्हंजी?"

त्यावर संयोगितानं एक वाट काढली. निघायच्या आधी ती रात्रपाळीच्या नर्सला फोन करून विचारायची आणि वर्षाराणीला रस्त्यात सगळं सांगायची. कुठल्या पेशंटला कुठलं इंजेक्शन बंद झालंय, कुणाची साखर वाढलीय, कुणाला पाणी द्यायचं नाही. धैर्यप्रसाद चौकापासून दाभोळकर कॉर्नरपर्यंत माझ्यावर जणू वॉर्डच भरायचा. वर्षाराणीला केवढा आधार वाटायचा! "तुम्ही हाय म्हणून मी टिकलोय बघा," ती म्हणायची.

आत वॉर्डात गेल्यावर मात्र संयोगिता तिला ओळख देत नसे. हेही मला वर्षाराणीच्याच तोंडून कळलं, आणि तिनं ते तक्रार म्हणून सांगितलं नाही. "आत तुमची अडचण हाय, कळतंय मला," एवढंच म्हणाली.

मग एक दिवस पद्मजानं संयोगिताला पार्किंगमध्ये बाजूला घेतलं. "तू त्या वर्षारावाला गाडीवरनं आणतेस म्हणे. मॅडमच्या कानावर गेलंय हं. बघ बाई."

दुसऱ्या सकाळी दाभोळकर कॉर्नरच्या पुढं एका नारळपाण्याच्या गाड्याशी संयोगितानं मला थांबवलं. "वर्षा, इथं उतरतेस का? मी पुढं होते. उगीच कुणी काही म्हणायला नको."

वर्षाराणी उतरली. "व्हय व्हय, चालत येतो की मी. कितीसं लांब हाय!" माझ्या आरशात ती लहान लहान होत गेली. रस्त्याच्या कडेनं पिशवी छातीशी धरून भराभरा चालत होती, कारण उशीर झाला की बोलणी तिलाच बसणार होती. त्या दिवसापासून ती रोज तिथंच उतरू लागली. काही दिवसांनी संयोगिताला सांगावंही लागत नसे.

संयोगिता वाईट बाई होती असं समजू नका. तिच्या लेकीला डेंग्यू झाला होता तेव्हा याच विजयमालानं धावपळ करून खाट मिळवून दिली होती आणि पुढं तिला कायमची सकाळपाळी लावून दिली होती. सकाळपाळी म्हणजे लेक शाळेतून यायच्या वेळी आई घरात. संयोगिताचं सगळं घर त्या एका पाळीवर उभं होतं. ती ते विसरू शकत नव्हती, आणि विजयमाला तिला विसरू देत नव्हती.

एकदा अंगणात मला पुसता पुसता तिनं नवऱ्याजवळ विषय काढला. विजयसिंह पाइप-मोटारींच्या दुकानाला निघाला होता. म्हणाला, "तुझं काय जातंय त्यात? आपली ड्युटी करायची, घरला यायचं. तू मधे पडलीस की उद्या तुझा नंबर."

ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या तानाबाई म्हणाल्या, "ती पोरगी आत येत न्हाय गं हल्ली चहाला?"

"घाई असते तिला, आत्या," संयोगिता म्हणाली आणि पुसलेलाच आरसा पुन्हा पुसू लागली.

त्यानंतर गणपतरावांचं प्रकरण झालं. तेही मी सीटवरच्या बोलण्यातूनच जोडून घेतलं.

गणपतराव म्हणजे वॉर्डातले थकलेले गृहस्थ, खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालेले. त्यांच्या पलंगाचा कठडा सतत वर ठेवायचा होता. त्या सकाळी वर्षाराणी कठडा खाली करून त्यांचं अंग पुसत होती. विजयमालाकडं कुणी पाहुणे आले होते. तिनं वर्षाराणीला हाक मारली, "ए, सोड ते. कँटीनला जाऊन चहा सांगून ये. यांना मी बघते." वर्षाराणी गेली. विजयमाला तशीच पाहुण्यांशी बोलत बोलत बाहेर गेली. कठडा खालीच राहिला आणि गणपतराव कुशीवर वळताना खाली पडले. बसवलेलं हाड पुन्हा हललं.

त्यांच्या घरच्यांनी वॉर्ड डोक्यावर घेतला. विजयमालानं बोट दाखवलं, "हिची ड्युटी होती. पेशंट सोडून कँटीनला गेली होती." कँटीनला ती गेली होतीच; तिथल्या लोकांनी तिला पाहिलं होतं.

संयोगिता तेव्हा पलीकडच्याच पलंगापाशी सलाईन बदलत होती.

दुपारी पार्किंगमध्ये वर्षाराणी माझ्यापाशी येऊन उभी होती. रडत नव्हती. नुसती सीटचा टाका नखानं उसवत होती. संयोगिता आली तशी ती म्हणाली, "ताई, तुम्ही तिथंच हुतासा. मला जा म्हणाल्या, मी बघते म्हणाल्या, ते ऐकलासा की तुम्ही."

"ऐकलं गं."

"उद्या चौकशी हाय. मेट्रन, डॉक्टर आणि ऑफिसातलं साहेब बसणार हायत. तुमास्नी बोलवणार. बाकीच्या लांब हुत्या, त्यांचं सोडा. तुम्ही तेवढं सांगा. जादा काय नको. जे झालं तेवढंच."

संयोगितानं तिचा हात धरला. "सांगते. नक्की सांगते. तू घाबरू नको."

त्या दिवशी तिनं वर्षाराणीला पार्किंगमधूनच मागं बसवलं, सगळ्यांच्या देखत. मला इतकं बरं वाटलं की चढावरसुद्धा मी दम खाल्ला नाही.

दुसऱ्या सकाळी आम्ही दोघीच निघालो. वर्षाराणीला लवकर बोलावलं होतं. स्कार्फच्या आत संयोगिता बोलत होती. बावड्यातून निघताना तिचा आवाज ठाम होता. "सर, वर्षाराणीची चूक नाही. विजयमाला सिस्टरनी तिला कँटीनला पाठवलं आणि पेशंटला मी बघते म्हणाल्या. मी स्वतः ऐकलं." ती हे पुन्हा पुन्हा म्हणत होती, शाळेतल्या पोरांनी कविता पाठ करावी तसं.

लाइन बाजारात ते वाक्य असं झालं, "सर, बहुतेक विजयमाला सिस्टरनी तिला पाठवलं असावं."

धैर्यप्रसाद चौकात सिग्नल लागला. "सर, काहीतरी बोलणं झालं, पण मी सलाईन बदलत होते."

दाभोळकर कॉर्नर गेला तेव्हा स्कार्फच्या आत कुणी बोलत नव्हतं.

पार्किंगमध्ये पद्मजा वाट बघत उभीच होती. "ये. आमचं ठरलंय, सगळ्या जणी एकच सांगणार. कामात होतो, बघितलं नाही. खोटं थोडंच आहे? आणि हो, पुढच्या महिन्याच्या पाळ्या लावायला घेतल्यात मॅडमनी. तुझी लेक कितवीला गं आता, म्हणून विचारत होत्या."

संयोगितानं मला स्टँडवर लावलं. दोनदा घसरले मी. मग ती वर गेली.

दुपारी ती खाली आली आणि माझी डिकी उघडून डबा आत टाकू लागली. पद्मजानं मागून येऊन पाठीवर थोपटलं, "सुटलो बाई एकदाचे," आणि गेली.

मग वर्षाराणी जिन्यावरून आली. या वेळी तिचा आवाज अगदी खालचा होता. मला तो ओळखूच आला नाही.

"लक्ष नव्हतं म्हणालासा."

"वर्षा, ऐक ना. मला घर आहे गं. लेक आहे..."

"मलाबी घर हाय की, ताई."

संयोगितानं स्कार्फ गुंडाळायला घेतला. वर्षाराणी म्हणाली, "विजयमाला मॅडमचं मला काय न्हाय. त्या कशा हायत ते मला पहिल्या दिवशी कळलं. तुमचं मला आज कळलं." आणि ती फाटकातून बाहेर गेली. बसथांब्याकडं.

गणपतरावांना मात्र कुणीच काही विचारलं नाही. ते शुद्धीत होते, त्यांना ऐकू येत होतं. पण पेशंटला काय विचारायचं, असं म्हणे साहेब म्हणाले.

वर्षाराणीला 'स्वतःहून' सोडायला सांगितलं. दुसरीकडं नोकरी मिळावी म्हणून अनुभवाचा दाखलाही दिला नाही. जाताना कुणी तिला निरोप दिला नाही. काही दिवसांनी माझ्या मागच्या सीटवर पद्मजा बसू लागली. ती जड होती आणि सारखी मोबाइलवर बोलायची. संयोगिताची सकाळपाळी टिकली. मग विजयमालाला नवी पोरगी मिळाली, चंदगडकडची. तिच्या बोलण्यात कानडी हेल होता. पुढं काय झालं ते सांगायला नको. पद्मजा एकदा म्हणाली, "आज बाथरूममध्ये रडत होती, ऐकलंस का?"

"नाही बाई. मी कामात होते," संयोगिता म्हणाली. या वेळी तिला ते पाठ करावं लागलं नाही.

दोन-एक वर्षांनी एका लग्नासाठी संयोगिता मला घेऊन गारगोटी रस्त्याला लागली. एकटीच होती. उन्हाचा स्कार्फ, वर काळा चष्मा. बिद्रीच्या अलीकडं रस्त्याकडेला उसाच्या रोपांची एक वाटिका आहे. हिरव्या जाळीखाली रोपांचे ट्रे मांडलेले. तिथल्या बायका काम सुटल्यावर जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांना हात करतात. त्या दिवशी एकच बाई उभी होती. हाताला माती, डोक्याला टॉवेल, कमरेला पदर खोचलेला. लांबून आम्हाला बघून तिनं हात केला.

ती वर्षाराणी होती. संयोगितानंही ओळखलं, कारण माझा वेग एकदम कमी झाला.

संयोगिताचं तोंड झाकलेलं होतं. पण मला वर्षाराणी ओळखणारच. इतके दिवस माझ्या पाठीवर बसली होती. आम्ही जवळ आलो तशी ती माझ्याकडं बघत राहिली, आणि वर केलेला हात तिनं हळूच खाली घेतला. राग नाही, काही नाही. जी गाडी आपल्यासाठी नाही, तिला कशाला थांबवायचं, तशी ती दुसरीकडं बघू लागली.

संयोगिताची बोटं ब्रेकवर आली होती. दाबली नाहीत. तिनं मला पळवलं, इतकं की माझं इंजिन ओरडायला लागलं. पुढं एका बाभळीखाली थांबून तिनं चष्मा काढला, स्कार्फ सोडला आणि हँडलवर डोकं टेकून बसली. मागं वळायला रस्ता मोकळा होता. मला वाटलं, वळेल. मागून एक बस आली आणि पुढं निघून गेली. मग तिनं तोंड पुसलं, पुन्हा स्कार्फ बांधला आणि आम्ही लग्नाला गेलो. अक्षता वेळेवर पडल्या.

आता विजयमाला मेट्रन झाली आहे आणि संयोगिता पुरुष वॉर्डची इनचार्ज. छपराखालची पहिली जागा तिला मिळाली. ती कुणाला ओरडत नाही, कुणाला नावं ठेवत नाही. दुसऱ्या ठेवतात, तेव्हा ती केबिनमध्ये असते. पहिल्या जागेला जुनी गाडी शोभेना, म्हणून तिनं नवी घेतली आणि मला ज्ञानू फिटरच्या गॅरेजपुढं आणून लावलं. जाताना तिनं माझ्या मागच्या सीटवर एकदा हात ठेवला होता. काय मनात होतं कोण जाणे.

ज्ञानू म्हणतो, "हिचं इंजिन गेलंय, पार्ट काढून घेऊ." काढू दे. चाकं एकीला लागतील, आरसे दुसरीला.

पण त्याचा पाना माझ्या अंगाला लागण्याआधी तुम्हाला एक विनवणी करते. तुमच्याही कामाच्या जागी एखादी वर्षाराणी असेल. रस्त्यावर तिच्याशी गोड बोलू नका, तिला एकटीला गाठून धीर देऊ नका, तिचे डोळे पुसू नका. ते सगळं करून माझी बाई रोज सुखानं घरी येत होती. ज्या खोलीत तिला बोललं जातं, त्याच खोलीत, चार माणसं ऐकत असताना, जे पाहिलं तेवढं सांगा. मी तर यंत्र आहे. माझा हॉर्नसुद्धा दुसऱ्यानं अंगठ्यानं दाबला तरच वाजतो. तुमचं तसं नाही ना?